वाळवंटी हवेत परसातल्या कोंबड्या आणि शेळ्या: आधी रात्रीचा विचार करा

रेतीकाठ (धागाकर्ता)

उन्हाळा तोंडावर आला की विचारणा सुरू होते. कोंबड्या दुपारी चोच वासून बसतात, पंखा लावू का? शेळ्या चाऱ्याला तोंड लावत नाहीत, आजारी आहेत का? पाण्यात बर्फ टाकावा का? प्रत्येकाला सुटंसुटं उत्तर देण्यापेक्षा एकदा सगळं इथे मांडतो. अनुभव असेल त्यांनी भर घालावी, पटलं नाही तर तसं लिहावं.

माझं म्हणणं एकच आहे. वाळवंटी हवेत जनावर तगतं ते रात्रीच्या गारव्यावर. दुपारचं ऊन आपण फार तर थोडं बोथट करू शकतो. पण कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यांचा एक मोठा फायदा आपल्या हातात असतो. सूर्य मावळला की जमीन भराभर निवते, दुपारी ४४ अंशांवर असलेला पारा पहाटे पंधरा-सतरा अंशांनी खाली आलेला असतो. दिवसभर अंगात साठलेली उष्णता या वेळात बाहेर पडली, तर कोंबडी दुसऱ्या दिवसाचं ऊन सोसते. खुराडं रात्रभर गरमच राहिलं तर ती दुसऱ्या दिवसाची सुरुवातच थकलेल्या अंगाने करते, आणि अशा दोन-चार रात्री लागोपाठ गेल्या की एखाद्या दुपारी मान टाकते. आपण त्या दुपारला दोष देतो.

म्हणून मी दिवसाचा निवारा आणि रात्रीचं खुराडं वेगळं ठेवतो. जाड मातीची भिंत दिवसा गार असते हे खरं, पण तीच भिंत दिवसभर प्यायलेली उष्णता अंधार पडल्यावर आत सोडायला लागते, नेमकी कोंबड्या दांडीवर चढतात तेव्हा. दुपारी मातीच्या पडवीत बसू द्या, हरकत नाही. रात्री मात्र चारही बाजूंनी जाळी असलेलं, वर हलकं छप्पर असलेलं खुराडं हवं. नुसता पत्रा नको. पत्र्याच्या वर वीतभर पोकळी सोडून गवताचा किंवा काटक्यांचा दुसरा थर घाला, पत्र्याला चुन्याची सफेदी मारा. लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन आखूड बाजूंवरच पडतं.

बसायच्या दांड्या एकाच उंचीवर, छपरापासून बऱ्याच खाली. उतरंड केली तर सगळ्या कोंबड्या वरच्या दांडीसाठी भांडतात आणि गरम हवा जिथे साचते तिथेच खेटून बसतात. उन्हाळ्यात दोघींच्या मध्ये एक कोंबडी मावेल एवढी जागा राहायला हवी.

खाण्याच्या वेळाही रात्रीकडे सरकवा. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, आणि कोंबडीत ती खाल्ल्यावर चार-सहा तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी नऊला पोटभर दाणे दिले तर ती उष्णता बरोबर दुपारी एक ते तीनच्या दरम्यान वर येणार. मी उजाडायच्या आधी दिवा लावून खाणं देतो, ऊन चढायच्या आत भांडी उचलतो आणि पुन्हा सूर्य कलल्यावर मांडतो. मधल्या वेळात फक्त पाणी. शेळ्यांचंही तेच. पहाटे आणि संध्याकाळी चरणं, सुका कडबा-भुसा रात्री. सुका चारा रवंथ होऊन पोटात आंबताना खूप उष्णता निर्माण करतो, ती रात्रीच्या गार हवेत निघून जाऊ द्या.

नवखी_पाळीण

फार उपयोगी धागा. माझा नेमका हाच प्रश्न आहे. आमचं खुराडं मातीच्या विटांचं, एकच छोटी खिडकी. मुंगूस आणि रानमांजर फिरतं, म्हणून रात्री दार-खिडकी सगळं घट्ट लावून घेते. सकाळी उघडलं की आतून गरम वाफ अंगावर येते. कोंबड्या मेल्या नाहीत, पण अंडी कमी झाली आणि जी मिळतात त्यांची कवचं इतकी पातळ की हातात घेताच चरे जातात. शिंपल्यांचा चुरा सतत ठेवलेला आहे. मग कॅल्शियम कमी कसं पडतंय?

खडूकवच

मी पशुवैद्यक आहे, पातळ कवचाचं मी सांगतो.

कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या पुढे असतं. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोन वाटा: तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, पाय, पंखाखालची उघडी जागा इथे रक्त पाठवायचं, आणि धापायचं. धापताना घशातलं पाणी उडून जातं, त्याने अंग निवतं. पण त्याच बरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइडही भराभर बाहेर जातो. रक्त अल्कधर्मी बनतं आणि कवचासाठी लागणारं बायकार्बोनेट व वापरता येण्याजोगं कॅल्शियम दोन्ही कमी पडतं. त्यात उन्हामुळे ती खातेही कमी. म्हणजे शिंपल्यांचा ढीग समोर असला तरी कवच पातळच.

धागाकर्त्यांचं रात्रीचं म्हणणं इथेही लागू पडतं. अंड्याचं कवच तयार व्हायला साधारण २० तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री होतो. कोंबडी रात्रीही धापत असेल तर कवच सुधारणार नाही. रात्र गार करा, आणि शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळच्या खाण्यात द्या. जाडे तुकडे पेषणीत, म्हणजे दाणे भरडणाऱ्या पोटात, रात्रभर हळूहळू विरघळतात, बारीक भुकटी लवकर निघून जाते. अंड्यावर असलेल्या कोंबडीला दिवसाला सुमारे ४ ग्रॅम कॅल्शियम लागतं.

आणखी एक, पाणी बोअरचं आहे का? खारट पाण्यानेही कवच बिघडतं.

नवखी_पाळीण

हो, बोअरचंच. चवीला मचूळ लागतं. शेळ्या निमूट पितात.

खडूकवच

शेळ्या पितात म्हणून कोंबड्यांना चालेल असं नाही. पाण्यातले विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला १००० मिलिग्रॅमच्या आत असेल तर निर्धास्त. १००० ते ३००० मध्ये कोंबड्यांची विष्ठा पातळ होते. ३००० च्या पुढे कोंबड्यांना देऊच नये. शेळ्या ५००० पर्यंतचं पाणी बऱ्यापैकी निभावतात, गाभण आणि दुभत्या सोडून. टीडीएस मोजायचं छोटं यंत्र मिळतं, घेऊन ठेवा. क्षार जास्त निघाले तर पावसाचं साठवलेलं किंवा घरातलं पिण्याचं पाणी आधी कोंबड्यांना. त्यांना लागतं तरी किती? एरवी एका कोंबडीला पाव लिटर, कडक उन्हात अर्धा लिटर किंवा थोडं जास्त.

उन्हाळ्यात ओआरएससारखे क्षार पाण्यातून देण्याची पद्धत आहे. ज्या दिवशी धाप फार लागते त्या दिवशी द्या, रोज नको. आणि मचूळ पाण्यात तर मुळीच मिसळू नका, त्यात आधीच मीठ आहे.

रेतीकाठ

पाण्याच्या गारव्याबद्दल: कोंबडी गरम पाणी पीत नाही. चोच बुडवते, मान झटकते आणि निघून जाते. काळ्या प्लॅस्टिकच्या नळीतून येणारं दुपारचं पाणी हाताला चटका देतं, ते भांड्यात पडलं तर भांडं भरलेलं असून कोंबड्या तहानलेल्या राहतात. मातीची पसरट भांडी सावलीत अर्धी जमिनीत पुरून ठेवा. माती पाझरते, बाजूची वाळू ओली राहते, पाणी आपोआप गार. भांडी दोन-तीन ठिकाणी हवीत, कारण दांडगी कोंबडी एकाच भांड्यावर ठाण मांडते आणि गरीब कोंबड्या लांब उभ्या राहतात.

मुंगसासाठी घट्ट दार लागत नाही, चांगली जाळी लागते. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, पण मुंगूस बाहेर ठेवत नाही. वेल्ड केलेली, १२ मिलिमीटर भोकाची जाळी घ्या. साप अंड्यांसाठी येतो, तोही यातून सहसा येत नाही. वाळू उकरून खालून घुसणाऱ्यांसाठी जाळीचा फूटभर पदर बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवा पसरून त्यावर दगड आणि वाळू टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच सुरुवात करतं आणि पंज्याला जाळी लागली की सोडून देतं.

ओलंगोणपाट

मी दुपारसाठी सांगते. वाऱ्याच्या बाजूने गोणपाट टांगायचं, वर भोकं पाडलेली नळी लावून ओलं ठेवायचं. कोरड्या हवेत पाणी इतक्या वेगाने उडतं की आतली हवा सहज सात-आठ अंशांनी उतरते. पाणीही फार लागत नाही, थेंबथेंब पुरतं.

पण पावसाळी ढग दाटून आले, हवेत दमटपणा आला की हे लगेच बंद करावं. तेव्हा पाणी उडत नाही, नुसती आत दमट वाफ साचते आणि धापूनही कोंबडीचं अंग निवत नाही. आमच्याकडे सर्वांत वाईट दिवस ४५ अंशांचे कोरडे नसतात. ढगाळ, कोंदट, वारा पडलेल्या ३८ अंशांच्या दिवशी जास्त लक्ष ठेवावं लागतं. त्या दिवशी पाण्यापेक्षा वारा द्या, पंखा तेव्हा कामाचा.

कोंबडी कोलमडलीच तर बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. सावलीत नेऊन पाय आणि तुरा साध्या गार पाण्याने ओला करा, पोटाखालची पिसं भिजवा, वारा घाला. शुद्ध असेल तरच चोचीला पाणी लावा.

तुरेबाज

जात कोणती घ्यावी यावर कोणी बोललं नाही. मोठा एकेरी तुरा, हलकं अंग, कमी पिसं असलेली कोंबडी घ्या. लेगहॉर्न चालते. इजिप्तमधली फायोमी कोरड्या उन्हात फार काटक, पण तिला पकडणं कठीण, उडून झाडावर बसते. उघड्या मानेची कोंबडी दिसायला कशीही वाटो, तिच्या अंगावर पिसं इतरांपेक्षा बरीच कमी असतात आणि तेच तिचं बळ आहे. ब्रह्मा, कोचीन या पायांवर पिसं असलेल्या, भारी अंगाच्या जाती कितीही देखण्या असल्या तरी या हवेत आणू नका. त्यांचा जीव जातो.

नवखी_पाळीण

@रेतीकाठ, जाळीचं पटलं. पण आमच्याकडे हिवाळ्यात रात्री पारा पार ३-४ अंशांवर येतो. तेव्हा चारही बाजूंनी जाळी कशी चालेल?

रेतीकाठ

चालते, ताई. पिसांची कोंबडी कोरडी असेल आणि थेट वारा लागत नसेल तर ती थंडी उत्तम काढते. हिवाळ्यात वाऱ्याच्या बाजूला आणि दांडीच्या उंचीपर्यंत दोन्ही कडांना गोणपाट किंवा ताडपत्री बांधा, वरची हातभर जाळी उघडी ठेवा. सगळं बंद केलं तर विष्ठेतल्या अमोनियाने डोळे आणि श्वासनळ्या खराब होतात. वाळूचं वादळ यायचं असेल तेव्हाही हेच पडदे सोडायचे आणि पाण्याची भांडी झाकायची.

जाळीच्या खुराड्याचा आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. तो गोचिडांचा.

कोरड्या, उष्ण प्रदेशात कोंबड्यांची एक मऊ गोचीड असते. शास्त्रीय नाव अर्गास पर्सिकस. ती शेळीच्या गोचिडीसारखी दिवसभर अंगाला चिकटून राहत नाही, म्हणून दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. ती भिंतीच्या भेगांत, दांडीच्या सांध्यांत, लाकडाच्या सालीखाली लपते. रात्री बाहेर येते, रक्त पिते आणि पुन्हा भेगेत. अंधार पडल्यावर तासा-दोन तासांनी बॅटरी घेऊन जा. दांडी जिथे भिंतीला टेकते तिथे उजेड टाका. चपटे, लंबगोल, चामड्यासारखे दिसणारे करडे ठिपके हळूहळू सरकताना दिसतील. पोट भरलेल्या निळसर आणि टम्म असतात. दिवसा ओळखायचं असेल तर भेगेत पातळ सुरी फिरवा, पात्याला काळसर रक्त लागेल. पिल्लांच्या पंखाखाली आणि मांडीच्या आतल्या बाजूला बारीक लालसर दाणे दिसले तर ती या गोचिडीची बाल्यावस्था, ती मात्र काही दिवस अंगावरच असते.

या गोचिडीने कोंबड्या फिक्या पडतात, रात्री दांडीवर चढायला तयार नसतात. माणूस म्हणतो कोंबडी हट्टी झाली, बाहेरच झोपते. ती हट्टी झालेली नसते. तिला माहीत असतं आत काय आहे. औषध फक्त कोंबडीला मारून उपयोग नाही, कारण वस्ती भिंतीत आहे आणि पूर्ण वाढलेली गोचीड अन्नाशिवाय कित्येक महिने, अगदी वर्षांनीही तग धरते. खुराडं उन्हाळाभर रिकामं ठेवून ती मरत नाही. भेगा लिंपा, लाकडी दांडी काढून लोखंडी पाइप घाला, दांडी भिंतीपासून सोडवून पायांवर उभी करा आणि पाय तेलाच्या वाट्यांत ठेवा. जाळी आणि लोखंडाच्या खुराड्यात तिला लपायला जागाच उरत नाही.

खडूकवच

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. पुरवणी: हीच गोचीड स्पायरोकीटोसिस पसरवते. हिरवी पातळ विष्ठा, खूप तहान, ताप, पिसं फुगवून गुंगीत बसणं. दिसायला मानमोडीसारखं वाटतं आणि लोक आशा सोडतात. पण मानमोडी विषाणूची, तिला औषध नाही, लस वेळेवर द्यावीच लागते. हा जिवाणूचा आजार आहे, पेनिसिलिनने लवकर आटोक्यात येतो. म्हणून हिरवी विष्ठा दिसली की पशुवैद्यकाला दाखवा आणि रात्री खुराड्याच्या भेगा पाहिल्या होत्या का हे त्यांना सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

रानशेळ

शेळ्यांकडे वळूया का? मी वर्षानुवर्षं शेळ्याच पाळतो. वाळवंटी शेळीला रोज पाणी लागत नाही. इजिप्तमधलं सिनाई आणि इस्रायलमधलं नेगेव या वाळवंटांतल्या काळ्या बदाऊनी, म्हणजे भटक्या अरब टोळ्यांच्या, शेळ्या दोन-दोन, चार-चार दिवस पाण्याविना चरतात. आपण रोज पाण्याचे हंडे ओढून त्यांना नाजूक करतोय.

खडूकवच

रानशेळ दादा, बदाऊनी शेळीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. ती अंगातलं पाव भागाहून जास्त वजन पाण्याच्या रूपाने गमावूनही चालत राहते, आणि पाण्यावर आली की वजनाच्या जवळजवळ ४० टक्के पाणी एका बैठकीत पिते. एवढं पाणी एकदम रक्तात गेलं तर इतर प्राण्यांच्या तांबड्या पेशी फुटतील. तिचं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारं पहिलं मोठं पोट, टाकीचं काम करतं, पाणी तिथे थांबतं आणि बेताबेताने रक्तात जातं.

पण ती त्या वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेलेली जात आहे. परसातल्या दुभत्या शेळीला ते लावू नका. उन्हाळ्यात तिला दिवसाला आठ-दहा लिटर पाणी लागू शकतं, आणि पाणी कमी पडलं की आधी दूध आटतं. बोकडांच्या बाबतीत धोका वेगळा: कमी पाणी, जड क्षारांचं पाणी आणि वर धान्याचा खुराक मिळून मुतखडा होतो. बोकड पाठ ताणून उभा राहतो, शेपूट हलवतो, कण्हतो आणि थेंबथेंबच लघवी होते. लोक त्याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजतात आणि त्यात वेळ जातो. लघवी पूर्ण अडली असेल तर काही तासांतच पशुवैद्यकाकडे न्यायला हवं. टाळण्यासाठी धान्य कमी, पाला जास्त, मिठाची चाटण वीट, ज्यामुळे तो जास्त पाणी पितो, आणि खुराकात कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण २ ला १.

रानशेळ

बोकडाचं मान्य. आमच्या शेळ्या दुधाच्या नाहीत, चरणाऱ्या आहेत, त्यामुळे माझा अनुभव वेगळा. पण काळ्या रंगाबद्दल सांगा. लोक म्हणतात काळी शेळी उन्हात भाजते, पांढरी घ्या.

खडूकवच

काळी शेळी उन्हात जास्त तापते, हे मोजलेलं आहे. पण वाळवंटात हिवाळाही असतो. तेव्हा तेच ऊन तिला फुकट ऊब देतं आणि चारा कमी असतानाही ती वजन टिकवते. परसात सावली देणार असाल तर रंगाचा फार विचार करू नका. लांब कान आणि सडपातळ अंग पाहा. सानेनसारख्या गुलाबी कातडीच्या शेळीची कास आणि कान मात्र उन्हाने खरंच भाजतात.

रेतीकाठ

चाऱ्याबद्दल थोडं. शेळी गवतापेक्षा झाडपाल्याची. शमीचा पाला, बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा हे कोरड्या भागातलं तिचं खरं अन्न. ती मान वर करून, मागच्या पायांवर उभी राहून खाते. फांद्या जमिनीवर टाकण्यापेक्षा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. जमिनीवरचं अर्धं ती तुडवते आणि मग त्याला तोंड लावत नाही.

वेडी बाभूळ सगळीकडे माजलेली असते आणि तिच्या शेंगा गोड, शेळ्या तुटून पडतात. थोड्या चालतील. महिनोन्‌महिने त्याच शेंगांवर ठेवलं तर जबड्याच्या नसांवर परिणाम होतो, शेळीला चावता येत नाही, तोंडातून घास गळतो. शिवाय अख्खी बी पोटातून तशीच बाहेर पडते आणि लेंड्यांबरोबर सगळ्या रानात पसरते. शेंगा दळून द्या. रुई, घाणेरी आणि कण्हेर शेळीच्या वाटेत नकोच, कण्हेरीची मूठभर पानंही जीव घेतात.

उन्हाळ्यात महिनोन्‌महिने नुसता वाळका चारा मिळाला तर अ जीवनसत्त्व संपतं. संध्याकाळी अंधुक उजेडात शेळी खुंट्याला, भिंतीला धडकायला लागली तर रातांधळेपणा समजा. शेवग्याचा किंवा शमीचा हिरवा पाला रोज थोडा तरी पोटात जाऊ द्या.

ओलंगोणपाट

जंतांचं काय? आमच्या शेळ्या वाळूतच असतात, तरी दोघींचे डोळे पांढरे पडलेत.

खडूकवच

खालची पापणी ओढून आतला रंग पाहिलात ना? उत्तम सवय. दक्षिण आफ्रिकेत यासाठी 'फामाचा' नावाचा तक्ता तयार झाला आहे, लालपासून पांढऱ्यापर्यंत १ ते ५ पायऱ्या. ४-५ ला ताबडतोब औषध, १-२ ला देऊ नका. सगळ्यांना सरसकट औषध पाजलं की जंत औषधाला दाद देईनासे होतात.

आता वाळूत जंत कुठून आले? रक्त पिणाऱ्या गोल जंतांची अळी कोरड्या तापलेल्या वाळूत मरते. तुमच्या आवारात कुठेतरी कायम ओलं असलं पाहिजे. पाण्याची टाकी गळते का? गोणपाटाचं पाणी कुठे निथळतं?

ओलंगोणपाट

टाकीच्या नळाखाली हिरवळ आलीय. शेळ्या दिवसातून दहादा तिथेच तोंड घालतात. आवारात दुसरं हिरवं काहीच नाही.

खडूकवच

तेच ते ठिकाण. नळ दुरुस्त करा, तो भाग आजच कुंपणाने अडवा, नंतर खडी टाका.

वाळूची_वाट

तातडीचं विचारतेय. वाऱ्याने खुराड्याचं दार उघडलं आणि दोन शेळ्यांनी कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं फस्त केलं. किती खाल्लं कळत नाही, पोतं जवळजवळ रिकामं आहे. आत्ता तर दोघी बऱ्या दिसतायत. काय करू?

खडूकवच

बऱ्या दिसतायत म्हणून थांबू नका, पशुवैद्यकांना आत्ताच फोन करा. दळलेलं धान्य कोटीपोटात भराभर आंबतं, आम्ल तयार होतं आणि लक्षणं सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. उरलेलं धान्य दूर करा, फक्त सुका चारा समोर ठेवा. डावी कूस फुगते का, रवंथ बंद होते का, दात खाते का, आंबूस वासाची पातळ विष्ठा होते का, हे पाहत राहा. खाण्याचा सोडा किती द्यायचा ते वजन सांगून पशुवैद्यकांनाच विचारा. आंत्रविषाराची लस कधी दिली होती तेही सांगा, कारण असं धान्य खाल्ल्यावर तो आजार उफाळतो.

वाळूची_वाट

फोन केला, येतायत. लस गेल्या पावसाळ्याआधी दिली होती. एक शेळी गाभण आहे.

रानशेळ

ताई, गाभण शेळीला आडवी पडू देऊ नका, छाती टेकवून बसवा किंवा हळूहळू चालवा. पळवू नका.

तुरेबाज

यावरून एक विचारतो. कोंबड्या आणि शेळ्या एकाच आवारात ठेवाव्यात की नाही?

रेतीकाठ

दिवसा एका आवारात, रात्री वेगळ्या छताखाली. दिवसा कोंबड्या शेळ्यांच्या गोठ्यातल्या अळ्या आणि गोचीड टिपतात, लेंड्या उकरून वाळवतात, माश्या कमी होतात. पण कोंबडी गव्हाणीच्या काठावर बसली की आत विष्ठा पडणारच. गव्हाणीवर तिरकं फळकूट ठोका म्हणजे तिला बसता येत नाही. मेलेली कोंबडी किंवा पिल्लू चाऱ्याच्या गंजीत किंवा उकिरड्यावर राहू देऊ नका, त्यातून बोट्युलिझमचं विष तयार होतं आणि शेळ्या लुळ्या पडतात. कोंबड्यांच्या खाद्याची जागा शेळीचं डोकं आत जाणार नाही एवढ्या भोकाची करा, आणि साठा कडी-कोयंड्याच्या पिंपात.

नवखी_पाळीण

माझा शेवटचा प्रश्न. एक कोंबडी खुडूक बसलीय. आत्ता रवणावर बसवू का?

रेतीकाठ

कडक उन्हाळ्यात नको. अंड्याला ३७.५ अंश हवेत, दुपारी घरट्यातली हवाच त्याच्या पुढे जाते आणि ४० च्या वर थोडा वेळ जरी राहिली तरी आतलं पिल्लू मरतं. शिवाय खुडूक कोंबडी तहान लागली तरी उठत नाही, बसल्या जागी दगावते. तिला जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, सावलीत, पाण्यासह तीन-चार दिवस ठेवा, खुडूकपण उतरेल. हवा फिरली की बसवा.

कोंबडा आवारात असेल तर अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. उन्हाळ्यात फळलेलं अंडं कोंबडी न बसताही वाढायला लागतं आणि फोडल्यावर रक्ताचं कडं दिसतं. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा वेगळा ठेवलेला बरा.

वाळूची_वाट

डॉक्टर येऊन गेले. दोघींना नळीने औषध पाजलं, इंजेक्शन दिलं. गाभण शेळीने आत्ता थोडी रवंथ केली. दुसरी अजून दात खातेय. रात्री दर दोन तासांनी बघायला सांगितलंय.

खडूकवच

रवंथ परत आली हे चांगलं. दुसरीचं तापमान घ्या, ३८.५ ते ४० च्या मध्ये असेल तर ठीक. त्याच्या खाली घसरलं किंवा ती मान कुशीत घालून पडली तर सकाळची वाट न पाहता पुन्हा फोन करा.